फ्लाय अ‍ॅश की स्लॅग? रस्त्याखालच्या मातीसाठी काय घ्यावं

चिकणमाती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरचा रस्ता कितीही चांगला केला तरी तडे जातात, म्हणून मुळात मातीच सुधारायला हवी. त्यासाठी दोन टाकाऊ गोष्टी मस्त चालतात, कोळशावरच्या वीज केंद्रातली फ्लाय अ‍ॅश (बारीक राख) आणि लोखंडाच्या झोतभट्टीतला स्लॅग (मळी), पाण्याने झटकन थंड करून बारीक दळलेला.

फ्लाय अ‍ॅश वजनाला हलकी, त्यामुळे कमकुवत जमिनीवरच्या भरावाला बरी. पण तिच्यात कॅल्शियम कमी असेल तर ती एकटी घट्ट होत नाही, चुना लागतोच, आणि ताकद हळूहळू येते, २८ दिवसांनंतरही वाढत राहते. शिवाय प्रमाण बरंच लागतं, साधारण १० ते २५ टक्के, आणि कोरडी टाकली की धूळ उडते, मजुरांच्या छातीत जाते, तेव्हा पाणी मारूनच टाका प्लीज.

स्लॅगमध्ये कॅल्शियम भरपूर, थोडा चुना दिला की तो जागा होतो आणि सिमेंटसारखंच बांधून ठेवतो. माझ्या मते खरा फरक सल्फेटवाल्या (जिप्समसारखे क्षार असलेल्या) मातीत दिसतो. तिथे नुसता चुना घातला तर एट्रिंगाइट नावाचे फुगणारे स्फटिक तयार होऊन जमीन उलट फुगते, चुन्याचा बराचसा भाग स्लॅगने बदलला की हे फुगणं खूप कमी होतं. अशा मातीत मी डोळे झाकून स्लॅगच घेईन. फक्त स्टील भट्टीचा स्लॅग वेगळा हां, त्यातला मोकळा चुना नंतर फुगतो, तो आधी मुरवावा लागतो.

सल्फेट नसेल आणि वीज केंद्र जवळ असेल तर फ्लाय अ‍ॅश घ्या, लांबून आणायची तर वाहतूकच महाग पडते.