दारातली कचरागाडी आणि तिच्यामागचा करार : बार्देशातील एका पालिकेच्या सेवेचे परीक्षण

आमच्या नगरपालिकेची घरोघर कचरा उचलण्याची सेवा आम्ही रहिवासी घरपट्टी आणि कचरा शुल्क भरून घेतो. त्यामुळे एखाद्या दुकानाचे किंवा उपाहारगृहाचे परीक्षण ज्या गांभीर्याने केले जाते, त्याच गांभीर्याने या सेवेचेही व्हायला हवे. दारापर्यंतच्या कामाविषयी माझे मत चांगले आहे. सकाळी ठरलेल्या वेळी कामगार येतात, बादलीचे झाकण उघडून आत पाहतात आणि माशांच्या खवल्यांत प्लॅस्टिकची पिशवी सापडली तर ती बाजूला काढून हाती परत देतात. पावसाच्या धारेतही हे काम मन लावून करणाऱ्या या माणसांचे मोल पालिकेने अजून नीट ओळखलेले नाही, असे मला वाटते.

मात्र गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की सेवेचा दुसरा आणि अधिक खर्चिक भाग सुरू होतो, आणि तो पालिकेच्या हाती नाही. ओला कचरा जातो साळगावच्या पठारावरील प्रकल्पात. 2016 साली सुरू झालेला हा प्रकल्प आरंभी दिवसाला 100 टन कचरा हाताळण्याच्या क्षमतेचा होता. पुढे ती क्षमता 250 टनांपर्यंत वाढवण्यात आली. तो 2016 च्याच कायद्याने स्थापन झालेल्या गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाच्या, म्हणजे पर्यायाने राज्य सरकारच्या, अखत्यारीत आहे. नागरिकाला एकच सेवा दिसते. प्रत्यक्षात ती स्थानिक शासन आणि राज्याची संस्था यांच्यातल्या करारावर उभी असते.

गेल्या गणेश चवथीनंतर हा सांधा निखळला. गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीची पाने, फळे, केळीचे खुंट असा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओला कचरा घराघरांत साचला असताना गाडी काही दिवस आलीच नाही. कचरा नीट वेगळा न केल्यामुळे आमच्या पालिकेच्या गाड्या परत पाठवल्या जात होत्या, हे नंतर कळले. त्या दिवसांत ना सूचनाफलकावर काही लागले, ना कोणी प्रभागात येऊन सांगितले. तेव्हा मी माहिती हक्क कायद्याखाली कराराची प्रत मागितली. उत्तरासाठी कायद्याने 30 दिवसांची मुदत आहे. ती उलटल्यावर प्रथम अपील करावे लागले. खरे तर हा कायदा 2005 चा असून त्याच्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक संस्थेने आपली बरीचशी माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. सेवेच्या या बाजूला मी अत्यंत कमी गुण देतो.

हाती आलेली झेरॉक्स प्रत मोजक्या पानांची होती. पालिका मंडळाच्या ठरावाचा क्रमांक, मुख्याधिकाऱ्यांची सही आणि पालिकेची मोहर सारे जागेवर होते, आणि ही गोष्ट किरकोळ नाही. पालिकेचा करार कायद्याने सांगितलेल्या रीतीने झाला नसेल तर तो तिच्यावर बंधनकारक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकाच्या आरंभीच नवी दिल्लीच्या नगरपालिकेच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. तोंडी आश्वासनावर काम करणाऱ्याला मग 1872 च्या करार कायद्यातील 70 व्या कलमाचा, म्हणजे घेतलेल्या लाभाचा मोबदला मागण्याचा, तेवढाच आधार उरतो. आमच्या पालिकेने कागद शिस्तीत केला आहे, याचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

कागदाचा आशय मात्र निराशा करतो. पालिकेने काय करायचे ते नेमके लिहिले आहे : कचरा वेगळा करून आणायचा, काट्यावर वजन करायचे, वजनाच्या पावतीनुसार ठरलेल्या मुदतीत शुल्क भरायचे, मिश्र कचरा आला तर गाडी परत न्यायची. परत आलेल्या गाडीतील कचरा त्या दिवशी कोठे ठेवायचा, प्रकल्प दुरुस्तीसाठी बंद राहिला तर पालिकेला किती दिवस आधी कळवायचे, यांबद्दल एक ओळही नाही. वाद झाल्यास सरकारचा निर्णय अंतिम, असे शेवटचे कलम म्हणते. महामंडळ सरकारचेच असताना निवाडाही सरकारनेच करायचा, हे मला न्यायाचे वाटत नाही.

असा करार मोडला तर दाद मागायची कोठे? सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि एवढा वेळ ओला कचरा थांबत नाही. शिवाय मुख्याधिकारी हे बहुधा राज्याच्या नागरी सेवेतून नेमलेले अधिकारी असतात आणि पालिकेचा मोठा खर्च राज्याच्या अनुदानावर चालतो. अशी पालिका सरकारला न्यायालयात खेचील, ही अपेक्षाच अवास्तव आहे. दुसऱ्या बाजूला थकबाकी वसूल करण्यासाठी अनुदानातून रक्कम वळती करून घेणे राज्याला सहज शक्य असते. कागदावर दोन समान पक्ष दिसत असले, तरी अंमलबजावणीची ताकद एकाच बाजूला आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने घनकचरा व्यवस्थापन हा विषय बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांच्या कामांच्या यादीत, घातला खरा. पण ते काम पालिकांवर कितपत सोपवायचे हे राज्याच्याच मर्जीवर ठेवले. या असमतोलाचे मूळ तिथे आहे.

म्हणूनच गोव्यात कचऱ्याबाबतच्या जबाबदाऱ्या प्रत्यक्षात पाळल्या गेल्या त्या बहुतेक वेळा जनहित याचिकांमुळे. मडगावच्या सोनसोडोचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. 2019 च्या मे महिन्यात तिथल्या ढिगाऱ्याला मोठी आग लागली आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला त्या प्रश्नात वारंवार निर्देश द्यावे लागले. दक्षिण गोव्यासाठीचा काकोड्याचा प्रकल्प 6 फेब्रुवारी 2024 रोजी लोकार्पित झाला. त्याची क्षमता दिवसाला 100 टनांची, त्यांतील 60 टन ओल्या कचऱ्यासाठी. असा प्रकल्प असणे ही फार मोठी सोय आहे, हे मी मनापासून म्हणतो. तरीही प्रत्येक पालिकेला स्वतःचा लेखी हक्क असायला हवा. नागरिकांनी न्यायालयात जाऊन तो मिळवून देण्याची वेळ येऊ नये.

कामगारांच्या कामाला पाचपैकी साडेचार, पालिकेच्या पारदर्शकतेला एक आणि कराराला दोन असे माझे गुण आहेत. कराराची मुदत संपत आली असून नूतनीकरणाचा विषय पालिका मंडळासमोर येणार आहे. गाडी परत पाठवताना कारण लेखी द्यावे आणि ते त्याच दिवशी प्रभागात जाहीर करावे, प्रकल्प बंद ठेवण्याची आगाऊ सूचना पालिकेला मिळावी, आणि वाद त्रयस्थ लवादाकडे जावा, या तीन कलमांची मागणी करणारे निवेदन आम्ही प्रभागातील रहिवाशांनी नगराध्यक्षांना दिले आहे आणि त्याची पोच घेतली आहे. ज्यांच्या पालिकेत असाच करार असेल, त्यांनी नूतनीकरणाचा ठराव होण्याआधीच त्याची प्रत मागून घ्यावी. एकदा सह्या झाल्या की पुढच्या मुदतीपर्यंत त्यात बदल करून घेणे फार कठीण जाते.