डेमोचा स्टँड एक, खोक्यातला दुसरा

गणपती तीन आठवड्यांवर आलेत. कीबोर्ड वाजवणारी आमच्यासारखी मंडळी याच दिवसांत स्टँड, पेडल, केबल, कव्हर यांच्या खरेदीला बाहेर पडतात, म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी मी ४,२०० रुपयांचा स्टँड घेतला आणि फसले. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या स्टँडपायी आमच्या तबलजींना दुखापत झाली, ते मला अजून विसरता आलेलं नाही.

आमचा सहा जणांचा ग्रुप आहे. भावगीतं, अभंग, जुनी सिनेगीतं, लग्नाच्या आदल्या दिवशीचं संगीत असं सगळं करतो. मिरज, सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी, कोल्हापूर एवढा आमचा पट्टा. मी खाली यामाहाचा पीएसआर एसएक्स ९०० ठेवते, वर रोलँडचा जुनो डीएस ६१. पहिला साडेअकरा किलोचा, दुसरा सव्वापाच किलोच्या थोडा वर. गाडीतून स्टेजपर्यंत आपलं सामान आपण न्यायचं असा आमच्यात नियम आहे, आणि मंगल कार्यालयांचे जिने काय असतात ते वाजवणाऱ्यालाच माहीत. त्यामुळे मला उचलायला हलका, पटकन घडी होणारा, पण दोन्ही कीबोर्ड घट्ट धरणारा स्टँड हवा होता. जुना एकेरी पाइपचा एक्स स्टँड, म्हणजे इंग्रजी एक्ससारखे एकमेकांना छेदणारे पाय असलेला, जोरात कॉर्ड वाजवला की झुलायचा.

दुकान दुसऱ्या शहरातलं, मोठं, काचेचं. आधी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं. तिथून डबल पाइपच्या एक्स स्टँडचा फोटो आला, खाली मजकूर: ‘६० किलो कपॅसिटी, २ एमएम पाइप, हेवी ड्यूटी.’ तोच स्टँड दुकानात मांडलेला होता. मी तो दाबून पाहिला, आडवा ढकलून पाहिला, वरच्या कीबोर्डवर दोन मिनिटं जोर लावून वाजवलं. जागचा हलला नाही. म्हटलं, हाच द्या.

“मॅडम, हा डिस्प्लेचा आहे, ओरखडे आलेत. तुम्हाला सीलबंद देतो, सेम मॉडेल.”

उघडून दाखवा म्हटलं तर दुकानदार म्हणाला, सील तोडलं की परत घेता येणार नाही. माझी परतीची गाडी चुकत होती. क्यूआर कोड स्कॅन केला तर स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही, कुणा माणसाचं आलं. “मालकांचंच अकाउंट आहे.” बिल म्हणून पॅडवरचा एक कागद मिळाला: ‘स्टँड, १ नग, ४,२००.’ मॉडेल नाही, जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही. यातली एकेक गोष्ट मला त्या क्षणी खटकली होती आणि एकेक करून मी ती सोडून दिली.

घरी खोकं उचललं तेव्हा ते दुकानातल्या स्टँडपेक्षा हलकं वाटलं, आणि मला आनंद झाला. हे मी मुद्दाम सांगते, कारण फसवणारा नेमका इथेच उभा असतो. आपल्याला न्यायला सोपं हवं असतं, त्यामुळे हातात कमी वजन आलं की ते सोयीचं वाटतं. आत लोखंडच कमी भरलं असेल ही शंका मनात येत नाही. मी मिरजेची आहे. आमच्याकडे तंबोरा घेणारा माणूस भोपळ्यावर बोटं आपटून, आवाज ऐकून, सांध्यावरून नख फिरवून मगच पुढचं बोलतो. ते लहानपणापासून बघत आले, आणि स्टँड मात्र न उघडता घेऊन आले.

पाच-सहा कार्यक्रम ठीक गेले. अधूनमधून वाजवताना खालून ‘टक’ असा आवाज यायचा. स्टेजवर गालिच्याखाली फळ्यांच्या फटी असतात, पाय तिथे बसत असेल असं मी समजायची.

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम साडेपाचला सुरू झाला. चौथ्या अभंगात लय वाढली, मी दोन्ही हातांनी कॉर्ड भरत होते. ‘टक’ झालं, लगेच दुसरं, तिसरं, आणि स्टँड वीतभर खाली बसला. त्या हिसक्यानं वरच्या मजल्याच्या डाव्या दांडीचं वेल्डिंग तुटलं. जुनो खालच्या कीबोर्डवर आदळला, त्याची जॉयस्टिक मोडून तबल्याच्या बाजूला घसरला. काकांनी, म्हणजे आमच्या तबलजींनी, हात मध्ये घातला नसता तर तो थेट स्टेजखाली बसलेल्या लोकांत गेला असता. त्यांचं डावं मनगट दुखावलं. भर सुगीच्या दिवसांत पंधरा दिवस ते डग्ग्याला हात लावू शकले नाहीत. त्यांचे बुडालेले कार्यक्रम मला कोणत्याही बिलात लावता येत नाहीत. माझी दुरुस्ती साडेसात हजारांची झाली.

स्टँड मी फेकला नाही. कुपवाड एमआयडीसीत ओळखीचे एक फॅब्रिकेशनवाले मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी पाइप कापून त्याच्या पत्र्याला जाडी मोजायचा व्हर्निअर लावला: एक मिलिमीटरला थोडा कमी. तुटलेल्या जागचा रंग खरवडला. सांधा सगळीकडून भरलेला नव्हताच, दोन-तीन ठिकाणी नुसते टाके मारून वर जाड पावडर कोटिंग चढवलं होतं. मग त्यांनी मधलं लॉक उघडलं. एक्स स्टँडचा सगळा जीव तिथे असतो. दात्यांच्या दोन चकत्या एकमेकींत बसतात आणि स्प्रिंगची खीळ त्यांना धरून ठेवते. माझ्या चकत्या ओतीव मऊ मिश्रधातूच्या होत्या, दात्यांची टोकं घासून गोल झालेली, आणि खीळ अर्धीच आत जात होती. म्हणजे तो ‘टक’ एकेक दाता सुटल्याचा आवाज होता. एक्सचे पाय जितके फाकतात तितका लॉकवरचा ताण वाढतो, म्हणून पहिला दाता सुटल्यावर पुढचे थांबत नाहीत. शेवटी रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला अख्खा स्टँड लावला. खोक्यावर ६.८ किलो छापलंय, काटा ३.९ वर थांबला.

त्या ६० किलोच्या आकड्यावर मी फार विसंबले होते. माझे दोन्ही कीबोर्ड मिळून सतरा किलोसुद्धा भरत नाहीत, मग काळजी कसली असं वाटायचं. पण असा आकडा खरा असला तरी तो सरळ खाली ठेवलेल्या वजनाचा असतो. आपण वाजवतो तेव्हा ढकलणं आडवं असतं, मागेपुढे असतं, आणि दुसरा मजला लावला की सगळा भार उंचावर जातो. त्यात एक्स स्टँड उभं राहून वाजवण्याइतका वर केला की त्याचे पाय जवळ येतात आणि तोल आणखी नाजूक होतो. स्थिरपणा त्या आकड्यात कुठेच येत नाही.

दुकानदाराला फोन केला. आधी म्हणाला, तुम्ही जास्त वजन ठेवलं असेल. मोजमापं सांगितली तर म्हणाला, हा माल आमचा नाहीच, आमचं नाव कुठे आहे बिलावर? ते नव्हतंच. आणि मी हेही पाहिलं नव्हतं की खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, एमआरपी नाही. वेष्टनातल्या मालावर या गोष्टी कायद्यानं छापाव्या लागतात. नुसतं एक जर्मन वाटावं असं नाव होतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. तिथेही दुकानानं तेच उत्तर दिलं. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले. २०१९च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. माझ्या हातात आज तीन गोष्टी आहेत: व्हॉट्सॲपवरचा तो फोटो आणि मजकूर, यूपीआयची नोंद, आणि खोक्यासकट मोडलेला स्टँड. वकीलताई म्हणाल्या, फोटो आणि माल समोरासमोर ठेवले की फरक दिसतो, तोच आपला आधार. नोटीस गेल्यावर दुकानातून फोन आला, की स्टँडचे पैसे घ्या आणि तक्रार नाही असं लिहून द्या. मी दिलं नाही. काकांच्या मनगटाचं त्यात काहीच नव्हतं.

नवा स्टँड घेताना तीन दुकानं फिरले. बसून वाजवणारीसाठी झेड आकाराचा सगळ्यात निर्धास्त, गुडघ्यांना जागा मिळते, पण तो जड आणि घडी मोठी. चार पायांचा टेबलासारखाही पक्का असतो, फक्त जिन्यात नेताना आडवा येतो. स्कूटरवरून किंवा एसटीनं जाणाऱ्याला एक्सच परवडतो हे मी मान्य करते, आणि चांगल्या लॉकचा डबल पाइपचा एक्स वाईट नसतोही. मी शेवटी झेड घेतला. दुकानातच खोकं उघडायला लावलं, जोडायला लावलं, माझा स्वतःचा कीबोर्ड वर ठेवला आणि दोन्ही टोकं धरून लांबीच्या दिशेनं हलवला. वजन तिथल्याच काट्यावर केलं. सांध्यांवर बोट फिरवलं. बिलावर मॉडेल आणि जीएसटी नंबर लिहून घेतला, पैसे दुकानाच्या नावानं दिले. पाऊण तास गेला. दुकानातल्या दादांनी कपाळाला आठी न घालता सगळं करू दिलं. ज्या दुकानात याला नकार मिळेल तिथून रिकाम्या हातानं परत या. मंडपातल्या स्टेजवर मात्र कोणताही स्टँड असो, खाली जाड प्लायचा तुकडा टाका, म्हणजे पाय फटीत उतरत नाही.

तुमच्याकडे सीलबंद मिळालेला, हलका, खोक्यावर पत्ता नसलेला असा एक्स स्टँड असेल तर पहिल्या कार्यक्रमाची वाट बघू नका. आज रात्री कीबोर्ड खाली उतरवून मधलं लॉक उघडा, दात्यांची टोकं बोटानं चाचपा आणि खीळ पूर्ण आत जाते का ते बघा. दाते गुळगुळीत लागले तर त्यावर पुन्हा काही ठेवू नका. खोकं आणि बिलाचा कागद मात्र जपून ठेवा, फोटो काढून ठेवा, आणि तुमच्या शेजारी बसणाऱ्या वादकाला आधी सांगा.