लाल लाइटवाली हेडटॉर्च घेतलो, पण बटणानं घात केला

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानातनं ८५० ला डोक्याला बांधायची टॉर्च घेतलो. पाच पैकी तीन स्टार. शेतात पाणी सोडायला, करंट गेल्यावर वगैरे पाहिजे असेल तर डोळे झाकून घ्या, उजेड लई भारी हाय. पण मी घेतलेलो रात्री झाडावरची जनावरं बघायला आणि नेमकी तिथंच ती अडालीय.

झालं असं की ताई-भाऊजी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला असतात, तिकडं गेलतो तेव्हा हीच टॉर्च बरोबर नेलो. भाऊजी टल्लागांडाच्या जंगलात घेऊन गेले, तिथं ग्रेटर ग्लायडर म्हणून एक प्राणी असतोय, मांजराएवढा, शेपूट अंगापेक्षा लांब, मादीच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी, आणि कोपरापासनं घोट्यापर्यंत कातडीचा पडदा, तो पसरून शंभर मीटरपर्यंत तरंगत जातोय बगा. खाणं काय, तर निलगिरीचा पाला! आपल्याकडं निलगिरी पाणी पिते म्हणून शिव्या खाते, तिकडं तीच ह्याचं घर नि जेवण. पण कसली पण निलगिरी चालत नाही, ढोली पाहिजे, आणि तसली ढोली पडायला झाड शंभरी ओलांडलेलं लागतंय. २०१९-२० च्या वणव्यात जंगल भरपूर जळलं, वर लाकूडतोड, शेवटी जुलै २०२२ मध्ये तिकडच्या सरकारनं हा प्राणी संपायच्या वाटेवर हाय म्हणून जाहीर केलं. ऑगस्ट २०२३ ला ह्याच टल्लागांडात तोड चाललेल्या जागेजवळ एक मेलेला सापडला आणि काम थांबवायची ऑर्डर निघाली.

तर टॉर्चचा संबंध असा. ह्याच्या ढोलीचं झाड सापडलं तर भोवती ५० मीटर तोडायचं नाही असा नियम हाय, पण सापडायला पाहिजे की! प्राणी रात्रीचा, दिवसा जाऊन काय कपाळ दिसणार. दिवस मावळताना झाडाखाली मान वर करून गप बसायचं, ढोलीतनं बाहेर पडताना दिसला की झाड पक्कं. उजेड लालच पाहिजे, पांढरा तोंडावर मारला की ते दिपून जागच्या जागी बसतंय. आणि ह्या टॉर्चला बटण एकच! आधी फुल पांढरा, मग बारीक पांढरा, मग लुकलुक, मग कुठं लाल. म्हणजे त्या काळोखात मी आधी वरात काढलो आणि मग लाल लावलो. भाऊजी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

उपाय सांगतो, गणपतीच्या मखराला लावतात तो लाल जिलेटीन पेपर दुहेरी करून रबरबँडनं काचेवर बसवा. मग कुठलं पण बटण दाबा, लालच. परत आल्यावर जांबोटीकडं मामाच्या परसात हेच करून बसलो (भीमगडच्या अभयारण्यात रात्री उगीच घुसू नका), तिसऱ्या रात्री पाखरमांजर दिसलं. ते तिकडच्याचं कोण लागत नाही, आपली खारीची जात, पिशवी-बिशवी नाही, पडदा पण थेट मनगटापर्यंत, तरी झेप तशीच, आणि ढोली ह्याला पण लागतेच. मामी मात्र म्हणाली, परसात लाल लाइट बघून शेजारी काय समजतील रे.

बॅटरी बॉक्सवर आठ तास, खरी चार. चार्जिंगच्या भोकावरचं रबर महिन्यात तुटलं, खानापूरच्या पावसात ते चालायचं नाही. दुकानदाराला म्हणालो, लालला वेगळं बटण असलेली मागवा की, तर म्हणतोय "लाल कोण मागतंय सर, गिऱ्हाईकाला पांढराच पाहिजे."