वांग्यात गंधाची पेस्ट लावायच्या आधी हे वाचा

मंडळी, माझे ३८०० गेले ते गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून टाइप करतोय. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठाला आमचं २० गुंठे वांगं आहे. वांगं म्हणजे शेंडाअळी आलीच, आधी शेंडा मान टाकतो, मग फळाला भोक, आणि एकदा अळी आत शिरली की वरनं कितीबी फवारा, तिला काय लागत नाय. आठवड्याला दोन फवारण्या करून वैतागलो होतो आणि नेमका तेव्हाच एकजण बाइकवरनं आला, गळ्यात आयकार्ड, बोलणं एकदम गोड.

संध्याकाळी त्यानं एक कामगंध सापळा लावला, म्हणजे आत मादी पतंगाचा वास ठेवून नर धरायचा सापळा, सकाळी बघतोय तर त्याच अळीचे १४ पतंग. मी गार. म्हणला, "दादा, हे सगळे नर. पण एकेक धरून कुठं पुरणार? ही पेस्ट झाडांना लावा, सगळ्या रानात मादीचाच वास, नराला मादी घावतच नाय, अंडीच नाय तर अळी कुठली?" पटलं की हो. आणि ही पद्धत खोटी नाहीये, कापसात गुलाबी बोंडअळीला खरंच वापरतात, तिथंच फसलो. पक्कं बिल मागितलं तर "व्हॉट्सअॅपला टाकतो". डब्यावर बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही, कुठल्या किडीसाठी तेही नाही, नुसता वांग्याचा फोटो. वास मात्र अगरबत्तीसारखा घमघमीत, बायको म्हणली देवघरात लावा.

१२ दिवस झाले तरी शेंडे मरतायतच. फोन केला तर "धीर धरा दादा", नंतर स्विच ऑफ. शेवटी कृषी सहायकांना रानात आणलं, त्यांनी पेस्टकडं बघितलंच नाही, सरळ तो फुकट ठेवून गेलेला सापळा उघडला. आत पतंगांचा खच. म्हणाले, "पेस्ट खरी असती तर नराला हा सापळासुद्धा सापडला नसता, रिकामा राहिला असता." आणि मी येडा रोज त्यातले पतंग मोजून खूश होत होतो! वर असंही म्हणाले की खरी असती तरी २० गुंठ्यात काय होतंय, शेजारच्या रानातनं मिलन झालेली मादी उडून येते आणि अंडी घालते, सगळ्या शिवारानं मिळून लावायला लागतं.

तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, बिल कुठाय.

आता किडके शेंडे खुडून नष्ट करतोय, रोजचं काम झालंय. परवा आष्ट्याच्या पाव्हण्यानं फोटो पाठवला, "हे घेऊ का?" तोच डबा, तेच झाकण, फक्त वांग्याच्या जागी टोमॅटोचा फोटो.