महाधमनीची नियोजित शस्त्रक्रिया: पुण्यातील एका खासगी रुग्णालयाचा अनुभव

पोटातील महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) फुगवटा ५.५ सेंटिमीटरच्या पुढे गेल्याने माझ्या वडिलांची नियोजित शस्त्रक्रिया येथे झाली. सर्वाधिक समाधान आधीच्या समुपदेशनाने दिले. पोट उघडून कृत्रिम नळी बसवल्यास नळी तुलनेने स्वस्त पडते, परंतु अतिदक्षता विभागातील दिवस, रक्ताच्या पिशव्या आणि एकूण मुक्काम वाढतो. उलट जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट (धातूच्या जाळीचा आधार असलेली कृत्रिम नळी) बसवल्यास मुक्काम थोडा, पण बिलाचा मोठा भाग त्या एका उपकरणाचाच असतो आणि पुढे आयुष्यभर ठरावीक काळाने तपासण्या कराव्या लागतात, हे शल्यविशारदांनी कागदावर मांडून समजावले. २०१७ मध्ये सरकारने घातलेली किंमत-मर्यादा हृदयाच्या स्टेंटसाठी होती, या स्टेंट-ग्राफ्टसाठी नव्हे, हेही तेथेच कळले. आम्ही दुसरा, म्हणजे स्टेंट-ग्राफ्टचा मार्ग निवडला आणि बाबा चौथ्या दिवशी घरी आले. परिचारिकांची तत्परता मी विसरणार नाही.

नाराजी एकच, पण गंभीर आहे. अंदाजपत्रकात कॅथेटर (रक्तवाहिनीत घालायची बारीक नळी), गाइडवायर (तिला वाट दाखवणारी तार) यांसारख्या एकदाच वापरायच्या साहित्याचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे अंतिम बिल पाहून आई हादरली. नियोजित शस्त्रक्रियेत या साहित्याचा अंदाज आधीच बांधता येतो. म्हणून दाखल होण्यापूर्वी त्याची दरांसह लेखी यादी अवश्य मागून घ्यावी.