जनाची लाज आणि मनाची लाज

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. तो सोसून त्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. उसने पैसे बुडवून चारचौघांत ताठ मानेने वावरणारा माणूसही लोकनिंदेला भीक घालत नाही. वरवर पाहता दोघे सारखेच दिसतात, आणि याच साम्याचा आडोसा घेऊन निगरगट्टपणा स्वतःला शहाणपण म्हणवून घेतो, याची मला मनापासून चीड येते. कर्व्यांनी जनाची लाज बाजूला ठेवली ती मनाची लाज राखण्यासाठी, आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. कर्जबुडव्याने दोन्ही सोडलेल्या असतात, आणि त्याच्या बेफिकिरीची किंमत मात्र विश्वासाने पैसे देणाऱ्याच्या घराला मोजावी लागते.