सेंट अँड्र्यूजमधली डिसेंबरची सुट्टी: गावातच थांबायचं, एडिनबरा गाठायचं की सरळ घरी?

स्कॉटलंडमधल्या या युनिव्हर्सिटीच्या गावात दिवाळी लेक्चर्सच्या धबडग्यात कुठल्यातरी शनिवारी उरकून झालेली असते, ३० नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूज डे (स्कॉटलंडच्या संरक्षक संताचा दिवस) होतो, मग डिसेंबरच्या मध्यापर्यंत परीक्षा, आणि त्या संपल्या की नवीन आलेल्या प्रत्येक मराठी पोरापोरींचा एकच प्रश्न, आता जानेवारीपर्यंत करायचं काय.

घरी जायचं आधी निकालात काढते. डिसेंबरात तिकिटं चढलेली असतात, कारण लग्नांच्या सीझनला अर्धे एनआरआय तिकडेच निघालेले असतात, आणि वाटेत विमान बदलणं आलंच. तीन-चार वर्षांचा कोर्स असेल तर खुशाल जा, आई वाट बघतेय. पण एक वर्षाचं मास्टर्स असेल तर इथला डिसेंबर एकदाच मिळणार, मी तरी थांबा म्हणेन.

आता खरा सामना गाव विरुद्ध एडिनबरा.

गावात थांबायचं तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, इथे विद्यार्थीच १०,०००च्या आसपास आहेत, ते गेले की मार्केट स्ट्रीट ओकीबोकी. सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो, त्यात ढग असले तर दिवस झाला कधी तेच कळत नाही. २५ला मोठी दुकानं बंद, ट्रेन बंद, बसचंही काही खरं नाही, म्हणजे सगळं सामान २४च्या दुपारपर्यंत घरात हवं. मसाले, डाळी, कढीपत्ता असलं काही पाहिजे असेल तर त्याआधीच जवळच्या डंडी शहराची एक चक्कर मारा. स्वस्ताई मात्र भारी असते, ख्रिसमसच्या आठवड्यात सुपरमार्केटवाले चढाओढीने भाज्यांचे भाव पाडतात, गाजर बटाटे ब्रसेल्स स्प्राउट्स अगदी काही पेन्समध्ये. ते स्प्राउट्स उकडून खाऊ नका बाबांनो, चिरून भिजवलेली हरभरा डाळ घाला आणि कोबीसारखी परतून भाजी करा, चार जण पोळीबरोबर फस्त करतात. फक्त फोडणीच्या आधी खिडकी उघडा, नाहीतर फायर अलार्म वाजून अख्खा हॉल (म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह) थंडीत बाहेर.

आणि फिरायला हेच दिवस बेस्ट. ओल्ड कोर्स या गावातल्या प्रसिद्ध गोल्फ मैदानावर रविवारी एरवी गोल्फ बंद असतो, तेव्हा ज्या गवतावर खेळायला लोक जगभरातून येतात तिथे आपण फुकट चालत जायचं आणि पुढे वेस्ट सँड्सचा समुद्रकिनारा. गावातल्या बायर थिएटरला पँटोमाइम (गाणी-विनोदांचं, प्रेक्षकांनी ओरडून साथ द्यायचं नाटक) असतं, लहान मुलांसारखं ओरडायची तयारी ठेवून जा.

ख्रिसमस इथे थोडा दबकाच वाटतो, त्यामागे इतिहास आहे. रिफॉर्मेशननंतर, म्हणजे सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर, स्कॉटिश चर्चला हा सण मान्यच नव्हता, १६४०मध्ये तर स्कॉटिश पार्लमेंटने त्याची सुट्टीच रद्द केली. ज्या कॅथेड्रलच्या पडक्या भिंतींपुढे आपण सेल्फी काढतो त्याची मोडतोडही १५५९मध्ये धर्मसुधारक जॉन नॉक्सने याच गावात दिलेल्या प्रवचनानंतरची. २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी स्कॉटलंडला मिळाली थेट १९५८मध्ये! त्यामुळे खरा धिंगाणा ३१चा, म्हणजे हॉगमने, आणि तो उतरवायला २ जानेवारीचीही सुट्टी.

तिथे एडिनबरा जिंकतं, वादच नाही. प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्सचं मार्केट, स्ट्रीट पार्टी, बारा वाजता किल्ल्यावरून आतषबाजी. पण पार्टीला तिकीट लागतं, हॉस्टेलचे दर त्या रात्री आभाळाला, आणि २०२४ला वारा-पावसापायी बाहेरचे सगळे कार्यक्रम आयत्या वेळी रद्द झाले होते ते विसरू नका. शिवाय ३१ला ट्रेन लवकर संपतात, मध्यरात्रीनंतर लुकर्सला (आपलं जवळचं स्टेशन) परतणं विसरा, मुक्काम धरूनच बजेट करा. ओळखीच्या कुणाच्या सोफ्यावर जागा मिळत असेल तरच जा असं माझं स्पष्ट मत. वय २२च्या आत असेल तर तुमचं बसभाडं शून्य, स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ते फ्री बसचं कार्ड मिळतं, पण अर्ज नोव्हेंबरातच टाका.

मी काय करेन? ख्रिसमस गावात, हॉगमने एडिनबऱ्यात. अट एकच, गावात आपले किमान दोघं-तिघं थांबणारे हवेत. एकटंच राहावं लागणार असेल आणि अंधाराने मन खात असेल तर ख्रिसमसलाही एडिनबरा किंवा ग्लासगोला कुणाकडे तरी जा, तिथे निदान रस्त्यावर माणसं दिसतात. आणि हॉलमध्ये असाल तर काँट्रॅक्टमध्ये सुट्टीचे आठवडे धरलेत का ते आत्ताच तपासा.

हो, गावातले कुणी स्कॉटिश शेजारी ३१ला बोलवत असतील तर मात्र एडिनबरा कॅन्सल करा. बारा वाजल्यावर घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या उंच पुरुषाचं पडलं तर वर्ष चांगलं जातं अशी इथली समजूत आहे, त्याने हातात कोळसा, शॉर्टब्रेड, व्हिस्की असं काहीतरी घेऊन यायचं असतं. आपल्या पोरांना त्या रात्री भलताच भाव येतो, उंची जरा कमी असली तरी चालवून घेतात.